माज्या मागं कोन नाय

बेबीकाकी पहिल्या रविवारी आली, तेव्हा प्रधान साहेबांनी तिला पनवेल स्टँडवरूनच परत पाठवलं होतं.

आमचा ग्रुप म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. पनवेल, कळंबोली, खारघर इथली पंधरा-वीस माणसं दर रविवारी पहाटे साडेपाचला स्टँडवर जमायची, जवळपासचा एखादा डोंगर चढायची आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायची. ग्रुपला धड नावही नव्हतं. व्हॉट्सॲपवर नुसतं 'रविवार साडेपाच' असं लिहिलेलं. तो सुरू केला प्रधान साहेबांनी. एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, गळ्यात कायम शिट्टी. बूट हवेत, दोन लिटर पाणी हवं, टोपी हवी, ही त्यांची यादी पाठ असल्याशिवाय कुणाला डोंगर दिसत नसे. मी पोस्टात नोकरीला. बदलीमुळे पनवेलला आलेली, रोडपालीत भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. रविवार अंगावर यायचा म्हणून या लोकांत शिरले होते.

त्या सकाळी साठीला आलेली एक बाई स्टँडच्या खांबाला टेकून उभी होती. काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, पायांत रबरी चपला, हातात कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत पाणी. ती सरळ साहेबांसमोर येऊन म्हणाली, "मी पन येतंय. डॉक्टरनी चालायला सांगलंय. शुगर हाय मना."

"ताई, चालायला खारघरला बाग आहे की," साहेब म्हणाले.

"बागंत आठ दिस फिरली मी. जिथून निगतंय तिथंच परत येतंय. कुटं पोचतच नाय."

आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिच्या पायांकडे बोट केलं आणि बुटांशिवाय डोंगरावर नेणार नाही म्हणून सांगितलं. वाद घालील असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "कसलं बूट?" साहेबांनी पायातला बूट उचलून तळवा दाखवला. तिनं वाकून तो बोटांनी चाचपून पाहिला, "बरं" म्हणाली आणि चालू लागली.

पुढच्या रविवारी साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना मी पोचले तर ती आधीच उभी. लुगडं तेच, पायांत जाड तळव्याचे पुरुषी बूट आणि त्यावर घोट्यापर्यंत ओढलेले भगवे मोजे. साहेब आल्याबरोबर तिनं एक पाय त्यांच्यापुढे उचलला. "बगा. चालतंय काय?"

चाललं.

नाव विचारलं तर म्हणाली, "बेबी." कुणीतरी फिस्सकन हसलं. "हसा. साठ वर्सांची बेबी हाय मी. आयशीनं ठेवलं आन मंग दुसरं ठेवायचं राहून गेलं." मी तिला 'तुम्ही' म्हणू लागले तेव्हा तिनं मागं वळून बघितलं. कुणी नाही. "मना वाटलं मागं कोन मोटा मानूस उभा हाय," ती म्हणाली. तेव्हापासून ती सगळ्यांची काकी झाली, आणि माझ्याशी 'अगं-तुगं'वर आली.

ती बेलपाड्याची. म्हणजे खारघरचीच, पण खारघर असं तिनं कधी सांगितलं नाही. एकदा आम्ही खारघरच्या डोंगरावर होतो. खाली टॉवरच टॉवर. तिनं बोट करून दाखवलं, "त्यो निल्या काचंचा दिसतंय ना, तिथं आमचा भात. त्याच्या पल्याड खाचर, तिथं खेकडं भेटायचं." मला वाटलं, आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल. पण तिनं बोट उचलून दुसरीकडं नेलं, "आन तो पिवला, त्याच्यात माजा ल्योक ऱ्हातंय. सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली का मना फोन करतंय, आये, दूध घेऊन ये." आणि ती स्वतःच खूप हसली.

चढताना ती एक शब्द बोलत नसे. उतरताना तोंडाला खंड नसे. आम्ही बाकीचे नेमके उलटे, चढताना गप्पा मारून दम घालवायचे आणि उतरताना गुडघ्यांच्या काळजीनं मुके व्हायचे. चढावर ती बसतही नसे. फार झालं तर काठीवर हनुवटी टेकून उभी राहायची. "बसलं का डोंगर वाडतंय," म्हणायची. वर पोचल्यावर मात्र फडकं सोडायची. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि एक सोललेला कांदा. प्रधान साहेब शिस्तीचे असले तरी कायस्थ माणूस, मासळीचे भोक्ते. पहिल्यांदा जवळ्याचा वास आला तेव्हा ते दोन दगड सोडून बसले होते. दुसऱ्या भाकरीला ते तिच्या शेजारी होते.

तिचा खरा व्यवसाय आम्हाला बरेच दिवस कळला नाही. ती धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी धवल्यांवर, म्हणजे लग्नाच्या जुन्या गाण्यांवर चालतात. ती गाणारी बाई धवलारीण. तिच्याशिवाय पूर्वी लग्न पुढं सरकत नसे. काकी आपल्या सासूकडून ते शिकली होती. तासन् तास न थांबता, कागदाशिवाय गायची. ही गोष्ट तिनं आपणहून सांगितली नाही. आम्हाला ती प्रबळगडावर समजली, आणि समजली तीही अशा रीतीनं की मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

गणपती जाऊन आठवडा झाला होता. प्रबळगडाचं पठार मोठं, वर दाट झाडी. सकाळी आभाळ मोकळं होतं, आम्ही वर पोचलो आणि धुकं आलं. प्रधान साहेब पुढच्या पाच-सहा जणांना घेऊन टोकाकडं गेले होते. सगळ्यांत मागं होतो मी आणि नसीरभाई. नसीरभाईंचं पनवेलमध्ये औषधांचं दुकान. शंभर किलोच्या आसपास वजन, स्वभाव लोण्यासारखा. ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि मी त्यांच्यासाठी थांबले. एवढंच. मान वर केली तर पुढची माणसं नव्हती आणि वाटही नव्हती.

आम्ही आधी हाका मारल्या. मग चुकून चालू लागलो. चालू नये हे साहेबांनी शंभरदा सांगितलं होतं, तरी भीती माणसाला एका जागी उभं राहू देत नाही. शिट्टी ऐकू आली. पण धुक्यात शिट्टी कुठून येते ते कळत नाही. एकदा डावीकडून वाटायची, एकदा पाठीमागून, आणि वाजून लगेच संपायची. एका ठिकाणी नसीरभाईंनी माझा दंड घट्ट धरला. पुढं पावलाभरावर जमीन संपत होती. खाली नुसतं पांढरं. आम्ही दोघं तिथंच झाडाला धरून बसलो. फोनला रेंज नव्हती. नसीरभाई पुटपुटत दुआ मागत होते आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग लांबून गाणं ऐकू आलं. बाईचा आवाज, जाड, खणखणीत, एका चालीत वर जाणारा आणि त्याच चालीत खाली येणारा.

नसीरभाईंनी दुआ थांबवली. "या अल्लाह," ते म्हणाले, "इथं शादी कुणाची?"

आवाज थांबत नव्हता, म्हणूनच आम्हाला दिशा सापडली. चार पावलं टाकायची, ऐकायचं, पुन्हा चार पावलं. झुडपांतून, काट्यांतून, कधी बसून सरकत. तासभर लागला असेल. धुक्यातून आधी भगवे मोजे दिसले. काकी एका झाडाला पाठ लावून उभी होती, एक तळवा कानावर, डोळे मिटलेले. आम्ही धावत जवळ गेलो तर तिनं डोळे उघडले, हात वर करून आम्हाला थांबवलं आणि चाललेलं कडवं पुरं केलं. मगच गायचं थांबली.

"अर्धा सोडायचा नसतंय," म्हणाली. पाणी प्यायली. मग ओरडली. "कुटं मेलं व्हतां दोगं? परधान सायेब तिकडं रडाला आलंय!"

मी विचारलं, काकी, हाका का नाही मारल्यास? तर म्हणाली, "हाका मारून गला बसतंय. दहा हाकंत खलास. धवला दिसभर चालतंय."

खाली ठाकूरवाडीत एका झोपडीपुढं आम्ही चहाला बसलो. साहेब पुन्हा पुन्हा माणसं मोजत होते. ते घाबरले होते आणि घाबरलेला शिस्तीचा माणूस नियम करतो. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की यापुढे दोन तुकड्या होतील. ज्यांचा वेग कमी त्यांनी फक्त खारघरच्या डोंगरावर यायचं. मोठे गड ज्यांना झेपतात त्यांच्यासाठी. कुणाचं नाव घेतलं नाही. नसीरभाई कपात बघत म्हणाले, "बरोबर आहे साहेब. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास."

"काय बरोबर हाय?" काकी उभी राहिली. "मागचा मानूस हरवला म्हनून मागच्यालाच काडायचा? पुडं गेला त्याला कोन इचारनार, तू मागं वलून का नाय बगितलास?"

साहेबांचा चेहरा पडला. "बेबीताई, जबाबदारी माझी आहे. काही झालं असतं तर?"

"म्हनून तं सांगतंय. तुमी पुडं ऱ्हा. तुमाना वाट म्हायती हाय. मी मागं ऱ्हानार. दर रविवारी, आखेरची मी. माज्या मागं कोन नाय. मी खाली आली म्हंजे सगलं आलं."

साहेबांनी दोन तुकड्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढची तीन वर्षं ती शेवटची चालली. मी तिला एकदाही दुसऱ्या जागी पाहिली नाही. आणि शेवटचं चालणं ही एक कला असते हे मला तिच्याकडून कळलं. कुणी दमून थांबला की ती त्याच्याकडे पाठ करायची आणि दरीत काहीतरी बघत असल्यासारखी उभी राहायची, जणू तिलाच थांबायचं होतं. "चल, जमेल" असं कुणाला म्हणायची नाही. किती राहिलं म्हणून विचारलं तर आम्ही बाकीचे "आलंच, दहा मिनिटं" अशा थापा मारून चढवायचो. ती खरं सांगायची. "लय हाय अजून." एकदा मी तिला म्हटलं, असं सांगितलंस तर माणूस खचतो ना! ती म्हणाली, "खोटं सांगून चडवला तं एकदा चडंल. दुसऱ्या रविवारी येल काय त्यो?" नसीरभाई सांगतात, ते फक्त तिच्या "लय हाय"वर प्रबळगडाला आणखी दोनदा जाऊन आले.

धवल्याची गोष्ट पसरल्यावर ग्रुपमध्ये आलेली नवी माणसं तिला गळ घालायची. माथ्यावर बसलो की कुणीतरी फोन उघडून म्हणायचं, काकी, एक होऊन जाऊ दे. ती भाकरी मोडत विचारायची, "लगीन कुनाचं हाय?" एवढ्यावर विषय संपायचा. ती डोंगरावर एकदाच गायली, प्रबळगडावर. दुसऱ्यांदा कधी नाही.

तिच्या गळ्याची गाठ नसीरभाईंच्या लक्षात आली. कर्नाळ्याच्या वाटेवर ती मान मागं टाकून पाणी पीत होती आणि त्यांनी ते पाहिलं. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस, तो सोमवारी दुपारी तिच्या घरी जाऊन बसला. "तपासून घे, मग मी उठतो," म्हणाला. तो संध्याकाळपर्यंत उठला नाही, तेव्हा ती तयार झाली.

डॉक्टरांकडे तिनं मला नेलं, "कागद वाचाया." घरच्यांना तिनं अजून सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. गाठ काढावीच लागेल, गाठ चांगली नाही, आणि आवाजाची नस तिला चिकटलेली दिसते, असं त्यांनी चित्र काढून दाखवलं. आम्ही जपू, पण आवाज जाऊ शकतो.

काकीनं चित्राकडे पाहिलं. "सगला?"

"सांगता येत नाही. कदाचित फक्त कुजबुज राहील."

"कवा कापनार?"

"या आठवड्यातच केलं तर बरं."

"आज काय हाय, बुधवार." तिनं बोटं मोजली. "बारा दिस थांबता येल?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काकीच म्हणाली, "माज्या जावंच्या नातीचं लगीन हाय. सबूद दिलेला हाय. त्याच्यानंतर घ्या, काय घ्यायचं ते."

त्या लग्नाला तिनं मला बोलावलं. बेलपाड्यात, सकाळची वेळ, गल्लीच्या तोंडाशी डीजेच्या पेट्यांची भिंत रचलेली. मांडवात मुलीला हळद लावायला पाटावर बसवलं आणि डीजेवाल्या पोरांना कुणीतरी हातानं खूण करून बंद करायला लावलं. काकी खुर्चीवर बसली नाही. पाटाच्या उजव्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसली, कानावर तळवा ठेवला आणि सुरू झाली. मला त्यातले निम्मे शब्द कळत नव्हते. मुलीच्या पदराला गाठ मारताना एक चाल, हळद चढवताना दुसरी, देवांना बोलावताना आणखी वेगळी. आवाज कुठं हलला नाही. मांडवातल्या बायकांना काही माहीत नव्हतं. त्या हळद लावत होत्या, पोरांना दटावत होत्या, मध्येच काकीच्या सुरात सूर मिसळत होत्या. माहीत होतं ते फक्त मला आणि जेवणाच्या रांगेपाशी टोपी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या नसीरभाईंना. जवळजवळ तीन तासांनी ती थांबली. उठायला तिनं माझा खांदा धरला. मुलीची आई ओटी भरायला आली तेव्हा काकी तिला म्हणाली, "धाकटीच्या लग्नाला आता दुसरी बगा." त्या बाईला वाटलं काकी रुसली. "असं का गं बोलतंस?" म्हणून ती विचारत राहिली.

माझ्याकडे वळून काकी म्हणाली, "जेवून जा. मटन चांगलं झालंय."

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली. आवाज गेला. डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं होतं तसंच झालं, नुसती कुजबुज उरली, वाळलेल्या पानांवरून कुणी चालावं तशी. सहा महिन्यांत सुधारेल कदाचित, असं सांगितलं होतं. सुधारला नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या सातव्या रविवारी साडेपाचला ती स्टँडवर होती. गळ्याला मफलर. आम्ही तिच्याभोवती गोळा झालो. तिनं बुटाची नाडी आवळली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

तेव्हा प्रधान साहेब तिच्याजवळ गेले. त्यांना हे बोलणं किती जड गेलं ते मी पाहिलं. "बेबीताई, तुम्ही चला. तुम्हाला कोण नाही म्हणणार! पण मागच्या माणसाला आवाज लागतो. पुढं काही कळवायचं झालं तर कसं कळवणार?"

ते चूक नव्हते. काकीनं त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि त्या दिवशी रांगेच्या मधोमध चालली. दर दहा पावलांवर मागं वळून बघत होती. वर पोचल्यावर फडकं सोडलं, पण स्वतः भाकरी खाल्ली नाही.

पुढच्या रविवारी ती पाववाल्याचा भोंगा घेऊन आली. सायकलवर बांधतात तो, काळ्या रबरी फुग्याचा, पितळी तोंडाचा. साहेब हजेरी घेत होते. तिनं त्यांच्या पाठीमागं उभं राहून तो दाबला, पोंऽऽ! आणि अख्खा स्टँड वळला. झोपलेले रिक्षावाले उठून बसले. आम्ही पोट धरून हसलो. साहेबांनी भोंगा हातात घेतला, दोनदा दाबून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "एकदा वाजला तर थांबा. दोनदा म्हणजे आम्ही येतोय. तीनदा म्हणजे अडचण आहे, परत फिरा." काकीनं बोटांवर एक, दोन, तीन मोजून दाखवलं आणि भोंगा परत घेऊन शेवटी जाऊन उभी राहिली. पहिल्या महिन्यात वाड्यांमधल्या बायका भोंगा ऐकून पाव घ्यायला पातेली घेऊन बाहेर यायच्या. मग त्यांनाही सवय झाली.

नंतरच्या वर्षी साहेब यायचे बंद झाले. गुडघा. आधी म्हणाले एक रविवार, मग दोन, मग फोनच उचलेनात. त्यांना ऐकूही कमी येऊ लागलं होतं. यंत्र लावत नसत. एका गुरुवारी संध्याकाळी काकी माझ्या दारात. "चल," ओठांनीच म्हणाली. साहेबांचं घर माझ्याच भागात, रोडपालीत, पाचव्या मजल्यावर. लिफ्ट चालू होती तरी ती जिन्यानं चढली.

साहेब आरामखुर्चीत होते, गुडघ्याला पट्टा. दाढी वाढलेली. त्यांना इतकं अस्ताव्यस्त मी कधी पाहिलं नव्हतं. काकी त्यांच्यासमोर उभी राहून काहीतरी म्हणाली.

"काय? मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही."

ती पुन्हा म्हणाली. घशाच्या शिरा ताणल्या गेल्या.

"काय म्हणतात या?" साहेबांनी मला विचारलं. मला सांगायला काकीनं हातानंच मना केलं. एकाला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही. साहेबांच्या बायकोला हसू आवरेना, आणि मग तिचे डोळे भरून आले म्हणून ती चहा टाकायला आत गेली. काकी दाराजवळच्या कपाटाकडे गेली. खालच्या फळीवरून साहेबांचे बूट काढले, पदरानं धूळ पुसली, त्यांच्या पायांपुढं आणून ठेवले आणि तिथंच फरशीवर बसली.

"बेबीताई, उगाच हट्ट करू नका," साहेब म्हणाले. ती बसून राहिली. चहा आला, गार झाला. साहेब चिडले. पेपर उघडून बसले. पुन्हा पेपर खाली ठेवला. शेवटी बुटांकडे बघत, आम्हाला नव्हे तर बुटांनाच सांगितल्यासारखे म्हणाले, "मला आता उशीर होतो हो. सगळ्यांना थांबावं लागेल. मी कधी कुणाला थांबवलं नाही."

काकी उठली. त्यांच्या तोंडासमोर चेहरा आणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "माज्या, मागं, कोन नाय."

आवाज पोचला की ओठ कळले, देव जाणे. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

रविवारी ते आले. कर्नाळ्याला, अर्ध्या वाटेपर्यंतच. वाट पुढं दुसऱ्या कुणी दाखवली. ते शेवटून दुसरे होते. एका वळणावर मी मागं पाहिलं तर साहेब काठीवर भार टाकून धापा टाकत होते आणि काकी त्यांच्याकडे पाठ करून जंगलात कुठला पक्षी दिसतोय का ते शोधत होती.

मग माझी चिपळूणला बदली झाली. जाताना तिनं मला सुक्या जवळ्याची पिशवी दिली आणि माझ्या बुटांचे तळवे उलटून पाहिले. "नवं घे," कुजबुजली. दोन वर्षांनी नसीरभाईंचा फोन आला. गाठ परत आली होती, आणि या वेळी कापण्यासारखं काही नव्हतं. तो फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. शेवटच्या महिन्यापर्यंत ती रविवारी येत होती, असं ते म्हणाले.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही महिने आधी. पनवेलला एका कामासाठी येऊन मी रविवारी सकाळच्या एसटीनं चिपळूणला परत चालले होते. कर्नाळ्याच्या फाटकाजवळ बस कचकन थांबली. माणसं पुढच्या दांड्यांवर आदळली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ आजी! जीव द्यायचाय काय?"

हमरस्त्याच्या मधोमध बेबीकाकी उभी होती. एक तळवा आमच्या बसच्या तोंडावर धरलेला. ती खूप बारीक झाली होती, लुगडं अंगाभोवती जास्तच वेढे खात होतं. आमच्या पाठीमागं ट्रक थांबत गेले, हॉर्न वाजू लागले. तिनं बसकडे बघितलंही नाही. ती पलीकडे बघत होती. तिथं रस्त्याच्या कडेला ट्रॅकसूट घातलेली एक जाडजूड मध्यमवयीन बाई पाऊल पुढं टाकून मागं घेत होती, पुन्हा टाकत होती. काकीनं तिला खुणावलं नाही, घाई केली नाही. नुसता तळवा तसाच धरून उभी राहिली. फाटकापाशी झाडाखाली प्रधान साहेब एका दगडावर बसलेले दिसले.

मी विरुद्ध बाजूच्या खिडकीशी होते. उठून पलीकडच्या माणसांवरून वाकून काच ठोकली, "काकी! काकी!" म्हणून ओरडले. हॉर्नच्या गोंगाटात ते तिच्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं.

ती बाई निघाली. मोजून पावलं टाकत, पर्स छातीशी धरून, सगळा गोवा रस्ता ओलांडून फाटकाशी पोचली. तेव्हा काकीनं हात खाली घेतला, ड्रायव्हरकडे पहिल्यांदा पाहिलं आणि 'जा आता' अशी मान हलवली.

बस सुटली.